मावशींचं नाक

आमच्या शाळेत दुसरीच्या वर्गाची मधली सुट्टी एका बाईच्या नाकावर चालायची. थट्टा नाही, खरंच. त्या वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला चिमणी म्हणायचे. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा, श्वास अडकायचा. तिचा डबा घरूनच यायचा, पण पोरंच ती, एकमेकांच्या डब्यात हात घालणारच. म्हणून वर्गाच्या मदतनीस मावशी आधी सगळ्यांचे डबे उघडून हुंगायच्या. दाण्याचा वास आला की ते पोर डब्यासकट व्हरांड्यातल्या बाकावर. हा वर्ग पहिलीत असताना एकदा त्यांनी कुणाच्या तरी बंद दप्तरातली दाण्यांची पुडी दारातूनच ओळखली होती. तेव्हापासून मुख्याध्यापिकाबाईंपासून चिमणीच्या आईपर्यंत सगळे निर्धास्त. ऑफिसात कारकुनी करणारा मी तर जरा जास्तच.

मग मावशी तापाने आठवडाभर झोपून राहिल्या. तेवढे दिवस आईने चिमणीला शाळेतच पाठवलं नाही, इतका तिचा मावशींवर भरवसा.

परत आल्या त्या बदलूनच. एकच डबा दोनदा उघडायच्या, पोळी मोडून आत बघायच्या, पोरांना खोदून खोदून विचारायच्या, "हे कुणी केलंय? यात काय घातलंय?" घंटा व्हायची तरी निम्मी पोरं उपाशी. जेवण सुरू झालं की बाकांमधून ह्यांच्या येरझाऱ्या. वर्गशिक्षिका माझ्याकडे येऊन करवादल्या. मग मीही तोंडसुख घेतलं.

"काय मावशी, नाक संपावर गेलंय का?"

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपल्यावर ऑफिसात आल्या, कोपऱ्यातली फिनेलची बाटली उघडली आणि नाकाला लावली.

"काही येत नाही, भाऊ. तापापासून."

मी दाराकडे बघत विचारलं, "कुणाला बोललात?"

"कुणाला नाही. कामावर आल्याला नऊ दिवस झाले. काढून टाकतील म्हणून घाबरले. आता त्याचं काही वाटत नाही. आज ती पोर जेवत होती आणि मी नुसती तिच्या गळ्याकडे बघत उभी. घासाघासाला जीव जात होता माझा."

यावर मी काय म्हणालो ते सांगायचीही लाज वाटते. म्हणालो, "थोडी कळ काढा. येईल परत वास. उगाच बोभाटा कशाला?"

"आणि तोवर?"

मी समोरची फाइल उघडून वाचायला लागलो.

शाळा सुटली. चिमणीची आई फाटकापाशी उभी होती. खिडकीतून बघतो तर मावशी तरातरा तिच्याकडेच निघालेल्या. मला राहवेना. अडवता आलं तर अडवावं म्हणून मीही मागोमाग धावलो, पण उशीर झाला होता. चार पालकांच्या देखत मावशींनी हात जोडून सगळं सांगून टाकलं. सांगताना त्या रडत होत्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मुलीला स्वतःकडे ओढलं.

"नऊ दिवस?"

"हो, ताई. चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

चिमणी "आई, चल ना" म्हणून तिचा हात ओढत होती. मग आईचं लक्ष माझ्याकडे गेलं. स्वतःचीच समजूत घातल्यासारखी ती म्हणाली, "पण बाकीच्यांच्या घरी चिठ्ठी गेलीय ना, डब्यात दाणे देऊ नका म्हणून? प्रवेश घेतला तेव्हा मी लिहून दिली होती. तुम्ही म्हणाला होतात, उद्याच पाठवतो."

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. मावशी पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत होत्या.

"नाही, ताई," मी म्हणालो. "ती अजून माझ्या खणातच आहे."