नाव नसलेल्या चौकटी

चंद्रपूरच्या आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात आम्ही तिघंच, आणि मी दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलायचे. बोलले की सर हसायचे, "कॉन्व्हेंटवाल्या मॅडम बोलून राह्यल्या." मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म बनवताना मी सरांना एकदाच विचारलं होतं, ज्यांना दिसत नाही त्यांच्या कॉम्प्युटरला वाचून दाखवता यावं म्हणून कोडमध्ये चौकटींना नावं कधी द्यायची?

"शेवटी पाहू. त्यायचा फॉर्म कोनीबी भरून देते."

फॉर्म तसाच सुरू झाला.

शेवटच्या तारखेला एटापल्लीहून पहिल्या बसने एक मुलगी आली. तिला दिसत नव्हतं. फॉर्म भरता येईना म्हणून वसतिगृहाने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. तिचा लॅपटॉप पडद्यावरचं वाचून दाखवायचा. तिने इयरफोन काढून आम्हाला ऐकवलं. "एडिट. एडिट. बटन. बटन." नाव कुठे लिहायचं, तालुका कुठे, काही नाही.

"मी भरून देऊ का?" मी विचारलं.

"मागल्या साली एकानं देल्ला ना भरून. दिव्यांगच्या रकान्यात टिकच नाई केली. सीट गेली. फॉर्म माहा, अन् त्यात काय लिवलं ते मलेच मालूम नाई."

"द्या न भरून, मॅडम," सर आतून म्हणाले. "पाच मिनिटाचं काम."

तिने आवाजाकडे मान वळवली. "तुमचा फॉर्म कोन भरते, भाऊ?"

मी कोड उघडला. सगळ्या चौकटींना नावं देऊन झाली तेव्हा माझा चहा अजून गरम होता. मग तिने फॉर्म भरला. प्रत्येक उत्तर दोनदा ऐकलं आणि तो पाठवला. पडद्यावर हिरवी खूण आली. लॅपटॉप काही बोलेल म्हणून ती वाट पाहत बसली. त्या खुणेला शब्दच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"गेला," मी म्हणाले.

"हे तुमी सांगून राह्यल्या. हा नाई सांगत."

खाली अर्जाचा क्रमांक होता, तोही चित्रात, लॅपटॉपला न वाचता येणारा. मी वाचला, तिने टाइप केला. माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून तिला इलाज नव्हता. बसस्थानकापर्यंत सोबत येऊ का, असं विचारायचं मनात होतं. विचारलं नाही.

आता नवा फॉर्म बनवताना मी रंग निवडायच्या आधी चौकटींना नावं देते, मग पडदा बंद करून फॉर्म ऐकत बसते. सर म्हणतात, "कोन येनार हाय इथी?" मी पुन्हा पहिल्या चौकटीपासून ऐकते. तिला जागा मिळाली का, हे वसतिगृहाला एक फोन करून विचारता येईल. अजून केलेला नाही.