कोमाद्रे हुस्ताची मेमरी

बोलिव्हियातल्या एल आल्तो शहरात कुठलेही कार्य निघाले, की आधी त्याचे मानकरी, म्हणजे एकेका गोष्टीचा खर्च उचलणारे, ठरतात. केकचा एक, बँडचा एक. घराला रंग द्यायचा असला तरी त्याचा एक. त्यामुळे रेम्बेर्तो तार्कीने जुन्या संगणकाच्या दुरुस्तीसाठी मानकरी नेमले, याचे गल्लीत कोणाला नवल वाटले नाही. नृत्यमंडळांच्या पोशाखांवरील भरतकामाचे नमुने तो संगणकावर काढीत असे. अलीकडे नागाचे तोंड रेखाटून शेपटीकडे वळावे, तोच यंत्र गोठून बसे.

पेटी, वीजपुरवठ्याचा डबा आणि डिस्क जुनीच राहणार होती. प्रोसेसर त्याने स्वतः घेतला. मदरबोर्डाचा मान मिनीबसवाल्या वाल्तेरकडे गेला, मेमरीचा हुस्ताकडे. दोघांच्याही मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी रेम्बेर्तोनेच हातांवर घेतले होते. तेव्हापासून वाल्तेर त्याचा कोम्पाद्रे आणि हुस्ता कोमाद्रे. पाव आणि बिअर घेऊन तो रीतसर दोघांच्या दारी गेला, आणि काय आणायचे ते नीट समजावून आला.

रविवारी हुस्ता आली. बाजारात मांसाचे दुकान चालवणारी ही बाई रिकाम्या हाताने कुठे जात नसे आणि हलक्या आवाजात बोलत नसे. तिने डबी फोडली, मेमरीवर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, धरणीमातेसाठी दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले.

"चौथ्या पिढीची आणा म्हणालात. मी दुकानदाराला म्हटलं, माझ्या कोम्पाद्रेला शिळं देऊ? पाचवी काढ!"

रेम्बेर्तोने हसून तिला मिठी मारली. ती गेल्यावर मात्र तो मेमरी हातात घेऊन तिची खाच न्याहाळत बसला.

"काय झालं?" बायको सेनोबियाने विचारले.

"वाल्तेरला सांगितलेल्या बोर्डावर ही बसतच नाही. खाचच वेगळी आहे."

"मग बदलून आण."

"फोडलेली डबी घेतील कशी? आणि घेतलीच, तर तिच्या कानावर जायला किती वेळ? मानाची वस्तू परत केली म्हटल्यावर ती या उंबऱ्यावर पाय ठेवील का?"

सेनोबियालाही ते पटले. त्यांच्या मुलीच्या आजारपणात हुस्ता दोन रात्री याच खोलीत बसून राहिली होती.

आता सारे एकाच गोष्टीवर अडले होते: वाल्तेरने बोर्ड घेतला की नाही? कालच घेतो म्हणाला होता. त्याचा फोन नुसताच वाजत राहिला. अखेर रेम्बेर्तो मिनीबसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. वाल्तेरची गाडी आली, आणि त्याला पाहताच वाल्तेरने कपाळाला हात लावला.

"रागावू नका, कोम्पाद्रे! काल टायर बसला, आज सासू घरी येऊन बसली. उद्या नक्की—"

"म्हणजे घेतला नाही?"

"शपथेवर सांगतो, उद्या—"

रेम्बेर्तोने भर रस्त्यात त्याला कवटाळले. मागच्या सीटवरची म्हातारी ओरडली, "लग्न नंतर लावा, आधी गाडी काढा!"

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून दुकानात गेले. रेम्बेर्तोच्या प्रोसेसरचे एक बरे होते: तो दोन्ही पिढ्यांच्या मेमरीशी जुळवून घेई, फक्त बोर्ड त्या त्या पिढीचा लागे. पाचव्या पिढीचा बोर्ड थोडा महाग निघाला. रेम्बेर्तोचा हात खिशाकडे गेला.

"हात काढा," वाल्तेर गुरकावला. "मानकरी मी की तुम्ही?"

संध्याकाळी मेमरी खट् आवाज करून खाचेत बसली. पडदा उजळला, मेमरी पुरती ओळखली गेली. रेम्बेर्तोने नाग उघडला आणि शेपटीच्या टोकापर्यंत रेघ नेली. यंत्र कुठे अडखळले नाही. कित्येक महिन्यांनी त्याचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात हुस्ताचा फोन आला.

"बसली का माझी मेमरी?"

"बसली, कोमाद्रे. बोर्डच तिच्या मापाचा आणला."

"मग! वाल्तेरला कधी नव्हे ती अक्कल आली म्हणायची."

वाल्तेर शेजारीच बसला होता. त्याने ऐकले, आणि निमूटपणे बिअरची दुसरी बाटली उघडली.