विमलताईंना जोडलेल्या सेल चालत नसत

विमलताई गेल्याची बातमी मला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. समईचं चित्र, त्याखाली त्यांचा ओळखपत्रावरचा जुना फोटो आणि त्याखाली कुणीतरी लिहिलेलं, 'मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या लाडक्या विमलताई...' मी मेथी निवडत होते. जुडी बाजूला ठेवून ते पुन्हा वाचलं. मनमिळाऊ. नागापूरच्या त्या कारखान्यात मी विमलताईंबरोबर एका खोलीत कित्येक वर्षं काढली. त्यांना तोंडावर कुणी मनमिळाऊ म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाला खोलीतून बाहेर काढलं असतं. मग एकामागून एक जोडलेले हात यायला लागले आणि माझा संताप होत गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण हे लोक भलत्याच कुणाबद्दल बोलत होते. राग शांत झाला की लिहीन, असं तेव्हा ठरवलं होतं. आता बरेच आठवडे झाले, तो काही शांत होत नाही, म्हणून तसंच लिहिते.

विमलताई शेवगावकडच्या. टायपिंगची परीक्षा देऊन कारखान्यात लागल्या तेव्हा त्यांना चांगलं दिसत होतं. पुढे डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या. मी तिथे रुजू झाले तोवर खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढंच त्यांना कळायचं, आणि वर्षा-दोन वर्षांत तेही कळेनासं झालं. पुण्याला जाऊन त्या बोलणाऱ्या संगणकाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. पडद्यावर जे असेल ते तो संगणक वाचून दाखवायचा, तेही इतक्या भरभर की मला त्यातला एक शब्द कळत नसे. एका कानात इयरफोन, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. त्या मोकळ्या कानाने त्यांनी मला फार छळलं. मी फोनवर कुणाशी किती वेळ बोलले, चहा किती वेळा मागवला, सगळं त्यांना ठाऊक असायचं आणि सगळ्यावर त्यांचं मत असायचं. ईदेला मी डब्यातून शिरखुर्मा नेला, तर दोन चमचे खाऊन म्हणाल्या, "साखर लई हाय." पण वाटी मात्र रिकामी करून ठेवली.

आमचं काम शेतीपंपांच्या सुट्या भागांच्या याद्यांचं. वर्डमध्ये केलेली लांबच लांब टेबलं. एकेका मॉडेलचं टेबल पानामागून पान चालत राहायचं: भागाचा क्रमांक, इंग्रजी नाव, मराठी नाव, ड्रॉइंगचा नंबर, किती नग लागतात. मी माउसने खाली-वर करत शोधत बसायचे. विमलताईंना माउस काय कामाचा? त्यांनी तो काढून खणात टाकला होता. ऑल्ट आणि होम दाबलं की त्या ओळीच्या पहिल्या सेलमध्ये, म्हणजे टेबलातल्या पहिल्या चौकटीत, ऑल्ट आणि एंड दाबलं की शेवटच्या. ऑल्टबरोबर पेज डाउन, की थेट कॉलमच्या तळाशी. शिवाय त्यांचे स्वतःचे मॅक्रो होते. मॅक्रो म्हणजे कामांची एक साखळी एकदा नोंदवून ठेवायची आणि एका कीवर बांधायची, की पुढे ती की दाबल्याबरोबर संगणक सगळं क्रमाने उरकतो. त्यांचा एक मॅक्रो ओळीचा क्रमांक विचारून तिथे उडी मारायचा, एक पुढची रिकामी सेल शोधून द्यायचा. मी कौतुक करायला गेले, "ताई, मला पण शिकवा की." त्या म्हणाल्या, "तुमाला दिसतंय ना? मग बगा की." पुढे मी पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनीही कधी शिकवलं नाही.

आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते जोडलेल्या सेलवरून. एकाच जुळणीतले दहा भाग असले तर त्या जुळणीचं नाव दहा ओळींत दहादा लिहायचं, हे मला गावंढळ वाटायचं. मी त्या उभ्या सेल एकत्र जोडून मधोमध एकदाच नाव टाकायचे. टेबल देखणं दिसायचं. पण अशी जोडलेली सेल आली की विमलताईंचा मॅक्रो तिथेच अडून पडायचा. मग संगणक काहीतरी भलतंच वाचायचा आणि आपण कोणत्या ओळीत आहोत हे त्यांना कळेनासं व्हायचं.

"ह्या सेल तुमी जोडल्या?"

"हो. दिसायला बरं दिसतं."

"कुनाला?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या सगळ्या जोडलेल्या सेल त्यांनी सुट्या केल्या होत्या. मी परत जोडल्या. त्यांनी परत सोडवल्या. त्या एका फाइलवर आम्ही दोन आठवडे असं युद्ध केलं, तोंडातून शब्द न काढता. शेवटी एका मॉडेलची मराठी नावं एक ओळ खाली सरकली आणि पुस्तिका तशीच छापून गेली. विक्रेत्यांनी वॉशर मागवले, त्यांना सील मिळाले. साहेबांनी दोघींना उभं केलं. "बाईंनी मधी एक रिकामी ओळ सोडल्याली," विमलताई म्हणाल्या. मी म्हणाले की यांच्या मॅक्रोनेच घोळ घातला. खरं काय ते आजही मला माहीत नाही. त्यांना माहीत असेल, तर त्या ते घेऊन गेल्या.

त्या माणसाला लागेल असं बोलायच्या, आणि बोलून झाल्यावर त्यांना त्याचं काही वाटत नसे. जिना उतरताना कुणी मदतीला दंड धरला तर झटकून टाकायच्या. आमच्या शिपायाने एकदा त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली पुसायला म्हणून उचलली आणि हातभर लांब ठेवली, तर त्याला सगळ्यांसमोर इतकं सुनावलं की तो आठवडाभर आमच्या खोलीत फिरकला नाही. माझी आई गेली तेव्हा सुट्टी संपवून मी कामावर आले. सगळ्यांनी येऊन विचारपूस केली, कुणी हात हातात घेतला. विमलताई इयरफोन न काढता म्हणाल्या, "तिसऱ्या मॉडेलचं तुमच्याकडं राह्यलंय." एवढंच. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. मेल्यावर माफ करायचं असतं म्हणतात... बघू.

मग मुख्य कार्यालयाचा आदेश आला. मॅक्रोमधून व्हायरस येतो, म्हणून सगळ्या संगणकांवरचे मॅक्रो बंद. माझ्या कामात काडीचाही फरक पडला नाही. विमलताई सकाळी आल्या, त्यांनी त्यांची ती की दाबली आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्या उठल्या, चाचपत साहेबांच्या केबिनपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?" त्यांनी इयरफोन कानात सारला. पुढे कळलं, साहेब म्हणाले होते, "विमलताई, तुम्ही आता आरामात रिसेप्शनला फोनवर बसा. पगार तोच." त्या नाही म्हणाल्या. मुख्य कार्यालयाला त्यांनी रीतसर अर्ज धाडला: माझं काम मला करता यावं म्हणून माझ्या संगणकावर मॅक्रो चालू ठेवावेत, तसा लेखी आदेश द्यावा. आणि उत्तर येईपर्यंत त्या टेबल टॅबवर चालायला लागल्या. टॅब दाबलं की एक सेल पुढे. ओळ संपली की पुढची ओळ. चारशेव्या ओळीत एक आकडा बदलायचा असला तरी वाटेतली सेल न् सेल ओलांडत. अर्ध्या वाटेवर कुणी हाक मारली, बोट चुकलं, की पुन्हा वरून सुरुवात. बाकी शॉर्टकट चालू होते, शोधायचीही सोय होती. त्यांनी काहीच वापरलं नाही. आणि त्याच दिवशी त्यांनी इयरफोन काढून ठेवला. संगणक खोलीभर बोलायला लागला. प्रत्येक सेलचं नाव, प्रत्येक आकडा, दिवसभर.

कंपनीला दाखवून देण्यासाठी त्यांनी हे चालवलं होतं, हे मला समजत होतं. पण कंपनी त्या खोलीत बसत नव्हती, मी बसत होते. टॅब... टॅब... टॅब. घरी पोळ्या लाटताना माझ्या कानात ते चालू असायचं. एका दुपारी माझं डोकं उठलं आणि मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, बाईंचे मॅक्रो चालू करून द्या, नाहीतर मला दुसरी खोली द्या. साहेब हसले. त्यांनी संगणक विभागाला फोन लावला, "त्यांचं तेवढं करून टाका हो, बिचाऱ्यांचं." अर्ध्या तासात काम झालं. मी खोलीत आले आणि म्हणाले, "ताई, चालू झालंय. बघा." त्यांनी की दाबली. संगणकाने ओळीचा क्रमांक विचारला. त्या थांबल्या.

"कुनी केलं?"

"मी साहेबांना सांगितलं."

"मी सांगितलं हुतं का तुमाला?"

"ताई, काम झालं ना?"

"अर्ज हाय माझा वर. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं त्यांना. आता ते म्हन्तील, चालू हाय की, तक्रार कशाची?" त्या आवाज चढवत नव्हत्या, मला तेच जास्त झोंबलं. "मी हक्क मागत हुते. तुमी भीक आनून दिली."

मीही ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "तुमच्या हक्कापायी मी वेडी व्हायची का?" त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. मला आजही वाटत नाही की मी काही वाईट केलं. पण त्या म्हणाल्या तसंच झालं. 'विषय निकाली' असं लिहून अर्ज परत आला. पुढच्या वर्षी साहेब बदलले, नवे संगणक आले आणि मॅक्रो पुन्हा बंद झाले. नव्या साहेबांना कुणी कुणाला फोन केला होता हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि कागदावर तर काहीच नव्हतं. त्यांनी विमलताईंना रिसेप्शनच्या खुर्चीची लेखी ऑर्डर दिली. ती मात्र लेखी मिळाली. ती वाचून दाखवायला त्यांनी मलाच सांगितलं. मी वाचली. त्यांनी कागद मागून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "निगते." मी म्हणाले, "बरं." आमची शेवटची भेट ती एवढीच.

कारखान्याच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. रिसेप्शनची ऑर्डर काढणारे साहेबच बोलायला उभे राहिले. विमलताईंना दिव्यदृष्टी होती म्हणाले. अंधारावर मात केली म्हणाले. कंपनीने त्यांना कायम कुटुंबातल्यासारखं सांभाळलं म्हणाले. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, "नसरीन मॅडम त्यांच्या जिवलग, त्या दोन शब्द बोलतील." मी उठले. म्हटलं, "आम्ही जिवलग नव्हतो. आमचं पटत नव्हतं. त्यांना काम येत होतं आणि करायचं होतं. तुम्ही त्यांना फोनवर बसवायला निघालात म्हणून त्या नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या अर्जावर 'निकाली' लिहिलं होतं, निकाल काही लागला नव्हता." साहेबांनी दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणून सांगितलं. शांतता पाळली आणि लोक चहाला गेले. माझ्या हातात कप द्यायला कुणी आलं नाही, ते बरंच झालं.

पुढच्या रविवारी मी एसटीने शेवगावला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. त्यांच्या घरी जाऊन यावं, एवढंच मनात होतं. घर भावाचं. भाऊ रानात गेलेला, घरी त्यांची भावजय होती, सुनंदा. तिने चहा ठेवला. काविळीचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला, असं सगळं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आक्का तुमचं नाव लई काढायच्या."

"काय म्हणायच्या?"

ती जरा घुटमळली. "म्हनायच्या, ती बाई लई आगाव हाय."

मला हसू आलं. तीही हसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली.

आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी विमलताईंचा संगणक होता. पडद्यावर रुमाल टाकलेला. मी रुमाल काढला. माउस नव्हता. सुनंदाने बटण दाबलं तरी पडदा काळाच राहिला, त्यांना उजेडाची गरज नव्हती म्हणून त्यांनी तो पार मंद करून ठेवला होता; पण संगणक त्या परिचित, घाईघाईच्या आवाजात बोलायला लागला.

"मला शिकायचंय ह्याच्यावर," ती म्हणाली. "पन हे लई बडबडतं. बोट लावलं की बोलतं, काय म्हन्तं तेबी कळत न्हाई. तुमी आक्काच्या हापिसातल्या. तेवढा आवाज बंद करून द्या."

तो आवाज कोणत्या दोन की दाबल्या की बंद होतो हे मला पाठ होतं. त्या टॅबच्या दिवसांत रोज संध्याकाळी घरी निघताना विमलताई तेच करायच्या आणि खोली एकदम गप्प व्हायची. मी स्टुलावर बसले, कीबोर्ड जवळ ओढला. काही कळांवरची अक्षरं पुसून गुळगुळीत झाली होती. एक दाबली तर संगणकाने त्या अक्षराचं नाव सांगितलं. दुसरी दाबली, तिचंही सांगितलं. सुनंदा माझ्या मागे उभी राहून वाट बघत होती.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"मग तालुक्याला दुकानात दावते," ती म्हणाली.

"दाखवा."

ती चहाचे कप विसळायला बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिले आणि टॅब दाबत राहिले. तो सांगत गेला, मी ऐकत गेले... एसटीची वेळ होईपर्यंत.