झाकलेल्या सात ओळी

व्हर्ना हॉबगूडने तीस वर्षं दुसऱ्यांचे खापरपणजोबा शोधून दिले. व्हर्जिनियात, कोर्टाच्या तळघरात बसून ती सोळाशे-सतराशेची मृत्युपत्रं वाचायची. अमक्या बाईचा पूर्वज पहिल्यावहिल्या जहाजांतून इंग्लंडहून आला, अशी खात्री पटली की वंशज मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जावर सही करायची. मग मंडळ पितळेची पट्टी द्यायचं, पूर्वजागणिक एक. वार्षिक जेवणाला काही बायका इतक्या पट्ट्या लावून येत की डावा खांदा खाली आलेला असे.

अध्यक्षीण ल्युसिल पीक यांच्या चौदा होत्या. सगळ्यात वरची जोसायस पीकची. आणि आता त्याच जोसायसचं नाव लिहून ओडेसा टॉलिव्हरने अर्ज केला होता. ओडेसा म्हणजे वीस वर्षं मंडळाच्या जेवणाचं हॅम भाजणारी काळी स्वयंपाकीण.

ल्युसिलबाई नाकाला रुमाल लावून तळघरात उतरल्या. "अगं व्हर्ना, काय ऐकतेय मी? आपली ओडेसा?"

"अर्ज आलाय. तपासते."

"तपासायचंय काय त्यात! 'पुरावा अपुरा' लिही नि मोकळी हो. तिला जेवायला बसवलं तर वाढणार कोण?" असं म्हणून बाई स्वतःच हसल्या.

त्या गेल्यावर व्हर्नाने जोसायसचं मृत्युपत्र काढलं. वरचा अर्धा भाग तिला पाठ होता. मंडळाची रीतच तशी होती: झेरॉक्स काढताना हव्या तेवढ्या ओळी उघड्या ठेवायच्या, बाकीच्यांवर कोरा कागद. व्हर्नाचा तो कागदही ठरलेला होता, वापरून वापरून कडा पिवळ्या पडलेला.

आज तिने तो उचलला. खाली सात ओळी होत्या. 'थोरल्या मुलाला दोन गाई, तांब्याचं पातेलं, डायना ही दासी आणि तिला पुढे होतील ती पोरं. तिचा टोबी माझ्या थोरल्यापासून झालेला आहे, सबब त्याला घराबाहेर विकू नये.'

केवढी ही माया! आजोबाने नातवाला पातेल्यानंतर मोजलं होतं. जोसायसची किळस येऊन उपयोग नव्हता, तो मेला होता. या ओळी व्हर्नाने पहिल्याच वर्षी वाचल्या होत्या, आणि झाकल्या होत्या.

दुपारी ओडेसा आली. "मिस व्हर्ना, नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. टोबीपासून माझ्यापर्यंतची नावं आमच्या घरच्या बायबलात पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत, ते ठेवून जाते. मला पट्टीबिट्टी नको हो. एकदा त्यांच्या टेबलाशी बसायचंय, नि हॅममध्ये मीठ जास्त झालंय म्हणायचंय."

व्हर्नाने नावं एकेक करून ताडून पाहिली. मग त्या अख्ख्या पानाच्या दोन प्रती काढल्या. एक ओडेसाच्या अर्जाला जोडून सही केली. दुसरी ल्युसिलबाईंच्या जुन्या फाइलमध्ये, अर्ध्या पानाच्या जागी लावली.

"हे पान खोटं आहे!" मंडळाच्या बैठकीत ल्युसिलबाई कडाडल्या.

"असू दे खोटं. मग तुमची वरची पट्टी काढून द्या. तुम्हा दोघींचं पान एकच आहे."

बाईंचा हात वरच्या पट्टीशी गेला आणि तिथेच राहिला. अर्ज मंजूर झाला.

त्या वर्षी हॅम बाहेरून मागवलं. ओडेसाने पहिला घास घेतला, तेव्हा सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं.

"खारट," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

समोर, तीस वर्षं त्या ओळी झाकणाऱ्या व्हर्नाचा पहिला घास अजून ताटातच होता.