कंडक्टरचं वय

रत्ना मॅडम आमच्या शाळेत बदलून आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं. आमची जिल्हा परिषदेची शाळा सोनगीरच्या फाट्यावरून आत आहे. वर्गाच्या खिडकीतून किल्ला दिसतो. मी इथला मुख्याध्यापक, तोंडाचा फटकळ. सहावीचं गणित मॅडमकडे दिलं आणि काय दिवे लावतात ते बघायला दाराशी उभा राहिलो.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सोनगीरहून धुळ्याला निघालेल्या एसटीत सतरा बायका आणि चौदा पुरुष बसले. कंडक्टरचं वय किती?'

"एकतीस!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

मला हसू फुटलं. आमची पोरं शब्द वाचत नाहीत, नुसते आकडे वेचतात. दोन आकडे दिसले की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असा मंत्र शिकवणीतून घेऊन येतात आणि पासही होतात. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर्ग तसाच सोडून त्या व्हरांड्यात आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"सर, ऐकलंत? सगळे एकदम बोलले."

"शाळा आहे, मॅडम. इथे एकदमच बोलतात."

"तोच आवाज," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वर्गात गेल्या.

त्या दिवसापासून सहावीच्या वर्गाजवळून जाताना मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. पाढ्यांचा गजर बंद झाला. गणित फळ्यावर आलं की वह्या मिटायच्या, पेन खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. मग एकेकाने सांगायचं की ह्या गणितात काय दिलेलं नाही. उत्तराची घाई केली तर मॅडम रागवायच्या नाहीत, नुसत्या त्या पोराकडे बघत राहायच्या. चाळीस पोरं असलेल्या वर्गात इतकी शांतता मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. भर उन्हात अंगावर काटा यायचा.

एकदा त्यांनी पोरांना खिडकीतून बाहेर बघायला लावलं. म्हणाल्या, "दिसतं ते सांगू नका. असायला हवं आणि नाही, ते सांगा."

खिडकीबाहेर शाळेमागची जुनी विहीर आहे. वर्षानुवर्षं वापरात नव्हती. वर लोखंडी जाळी, तीही गंजून मोठमोठी भोकं पडलेली. आत बाभळी-निंबाचा पाला पडून पडून कुजत होता. पोरं काहीबाही सांगत होती. शेवटी पूनम उठली. ही झुलालची पोरगी. झुलाल गावोगाव विहिरींतला गाळ काढायला जातो. पूनम बोलायला तोंड उघडेल, तोवर आठवड्याचा बाजार उठून जाईल अशी तिची तऱ्हा.

"विहिरमा पारवा नई, मॅडम," ती म्हणाली.

वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "का नसतील?" पूनमला सांगता आलं नाही. मधल्या सुट्टीत मी सहज मागे जाऊन पाहिलं. विहीर म्हटली की कपारीत पारव्यांची घरटी असायचीच. इथे पारवे शाळेच्या कौलांवर होते, विहिरीच्या काठावर होते, आत मात्र एकही नव्हता. एक जाळीच्या भोकापाशी आला, मान वाकडी करून खाली बघितलं आणि मागे सरला. मीही मागे सरलो आणि चहा प्यायला निघून गेलो.

तो आवाज कुणाचा, हे मॅडमनी मला पुढे कधीतरी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांचं माहेर नरडाण्याकडचं. वडील चुडामण मजुरी करायचे. एका बंद पडलेल्या विहिरीत बादली काढायला उतरले ते वर आलेच नाहीत. काठावर गर्दी जमली. माणसं शहाणी होती, त्यांनी हिशोब केला. एक माणूस पडलाय, त्याला उचलायला एक तर हवाच, दोघं असतील तर उत्तम. हिशोबात चूक काहीच नव्हती. सगळे एका सुरात ओरडले, 'आखो एक उतारा!' अजून एक उतरवा. काका उतरले. तेही वर आले नाहीत.

"आठ-नऊ वर्षांची होते मी. सगळे ओरडतात म्हणून मीही ओरडले," त्या म्हणाल्या. "गाव म्हणालं, आसरांनी नेलं. पाण्यातल्या देवतांवर ढकलणं सोपं असतं, सर."

मी त्यांच्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं.

एप्रिलात गावचं पाणी आटलं आणि पंचायतीने शाळेमागची विहीर उपसायची ठरवली. सकाळची शाळा सुटली तेव्हा जाळी निघालेली होती, काठावर दिवा लावून नारळ फुटला होता. झुलालचा जोडीदार जीवराम कमरेला न बांधता नुसता दोर धरून आधी उतरला. निम्म्यापर्यंत तो वर बघून बोलत होता. मग बोलणं थांबलं. ओरडला नाही, पडल्याचा आवाजही नीट आला नाही, नुसता दोर ढिला पडला. हाका मारल्या, तर आपलाच आवाज फिरून वर यायचा.

एक म्हातारे आबा पुटपुटले, "आसरासनी वढी लिधं त्याले."

झुलालने कमरेला दोर बांधायला घेतला. आणि गर्दी ओरडली, "आखो एक उतारा! आखो एक उतारा!"

एकच सूर. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण आवाज फुटत नव्हता. माझी बाही त्यांनी मुठीत धरली होती. ज्यांनी पोरांना थांबायला शिकवलं, त्या बाई काठावर आठ वर्षांच्या होऊन उभ्या होत्या. मला त्या क्षणी विहिरीपेक्षा त्यांचीच भीती वाटली.

तेवढ्यात पूनम पुढे आली आणि दोराच्या वेटोळ्यावर बसली.

"ऊठ व पोरी!" झुलाल गरजला.

"नई. पारवा बी उतरतस नई इन्हामा," ती सावकाश म्हणाली. "खाले काय शे ते कोन्ही देखं नई. पहिले दिवा सोडा, पप्पा."

कुणीतरी तिला दंडाला धरून ओढलं. तिने दोर सोडला नाही. झुलालचा हात उगारलेला राहिला. तेव्हा कुठे माझ्या शेजारून मॅडमचा चिरका आवाज आला, "दिवा आणा! आधी दिवा!"

नारळापुढचा दिवा बादलीत ठेवून खाली सोडला. वारा नव्हता. निम्म्यावर ज्योत बारीक झाली, वाकली आणि विझली. वर ओढून पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा नेमका तिथेच विझला, जणू तिथे कुणीतरी बसून फुंकर मारत होतं. ओरडणारी गर्दी न बोलता एकेक पाऊल मागे सरकली.

कुजलेल्या पाल्याचा वायू होता तो, दुसरं काही नाही. मग पाणी ओतलं, निंबाचे डहाळे बांधून खालीवर केले, हवा हलवली. दिवा तळापर्यंत जळत राहिला तेव्हा झुलाल उतरला आणि जीवरामला घेऊन वर आला. जीवराम गेला होता. त्याच्या बायकोचा तो हंबरडा मला अजून ऐकू येतो. पण त्या विहिरीतून प्रेत एकच निघालं.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर तेच गणित लिहिलं. सतरा बायका, चौदा पुरुष, कंडक्टरचं वय. मी दाराशी होतो. कुणीच बोललं नाही. कौलांवर पारवे घुमत होते तेवढेच.

मॅडम पूनमच्या बाकापाशी गेल्या. "त्या दिवशी थांबायचं तुला कसं सुचलं गं?"

पूनमने नेहमीसारखा वेळ घेतला.

"बठ्ठा लोके एकदम बोलनात ना, मॅडम," ती म्हणाली. "माले भ्याव वाटनं."

रत्ना मॅडम भर वर्गात रडल्या, तोंडाला पदरही न लावता. मी फळा पुसायला पुढे झालो, तर त्यांनी हाताने नको म्हटलं.