अख्तरचाचीची होडी आणि तारजाईची पालखी

खारबंदरात अख्तरुन्निसाला पूर्ण नावानं हाक मारतो तो फक्त पोस्टमन. बाकी सगळ्यांची ती अख्तरचाची. वय सत्तरीच्या आसपास, दोन गुडघ्यांपैकी एक कायम रुसलेला, आणि जीभ अशी, की तिच्या होडीत बसून ‘चाची, उशीर झाला’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

नदीच्या अलीकडे तारजाईचं देऊळ, पलीकडे पीरबाबांचा दर्गा. गावाची समजूत अशी, की ही दोघं बहीण-भाऊ. म्हणून शिमग्यात देवीची पालखी भावाला भेटायला पलीकडे जाते, आणि तिला होडीतनं नेण्याचा मान चाचीच्या सासरच्या तांडेलांचा, म्हणजे होडी हाकणाऱ्यांचा. कधीपासून? कुणास ठाऊक! सुपारीनं भरलेली गलबतं इथनं मस्कतला जायची, तेव्हाही होता म्हणतात. पालखी होडीत ठेवली की पुढचा भोई विचारतो, “तांडेल, निघू काय?” आणि तांडेल “निघा” म्हणाला की मगच दोर सुटतो.

नवरा इसहाक तांडेल धडधाकट होता तोवर हे ठीक चाललं. मग त्याची नजर गेली. पुढची बारा वर्षं तो मानाचा फेटा बांधून पुढं बसायचा, ऐटीत “निघा” म्हणायचा, आणि वल्हं मारायची चाची. मान त्याचा, घाम हिचा! सगळ्या गावाला दिसत होतं, पण बोललं कुणी नाही.

गेल्या पावसाळ्यात इसहाक गेला. त्याच वर्षी नदीवर पूल झाला. बाळंतिणीला श्रीवर्धनला न्यायला आता भरतीची वाट बघायला नको, हे बरंच झालं. चाचीही ते मान्य करी. पण होडीकडं मग कोण फिरकतंय? दोह्याहून तिचा लेक मुआज फोनवर म्हणाला, “अम्मी, काढून टाक ती होडी.”

“पालखी होऊ दे,” चाची म्हणाली. पालखी तेवढी राहिली होती. तीही पुलावरनं गेली, तर होडी नुसतं लाकूड आणि आपण नुसती म्हातारी, हे तिला पक्कं कळत होतं.

आणि शिमग्याला चार दिवस असताना उत्सव समितीचा हर्षद आलाच. या हर्षदला चाचीनं सात वर्षं शाळेत पोचवलंय, बरं का, दप्तरासकट!

“चाची, यंदा पालखी पुलावरनं. टेम्पो सजवतोय. पाण्याची रिस्क नको. आणि तांडेल तरी कुठाय आता?”

“मग मी कोण? खांबाला बांधलेली बकरी?”

हर्षद मान खाली घालून निघून गेला. चाची त्या दिवशी जेवली नाही. राग तर आला होताच, पण त्याहून जास्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं होडीला तेल चोपडलं. का, ते तिचं तिलाच माहीत.

शिमग्याच्या सकाळी ती नारळ घेऊन कृष्णाजी गुरवाकडं गेली. पालखी उठण्याआधी कृष्णाजी देवीपुढं गाऱ्हाणं घालतो. ज्याचं जे मागणं असेल ते मोठ्यानं देवीच्या कानावर घालतो, आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. मुआजची नोकरीसुद्धा इसहाकनं अशीच मागितली होती.

“दादा, देवी यंदा बी माझ्या होडीतनं जाऊ दे. एवढंच मागणं हाय.”

कृष्णाजीनं कान खाजवला. “समितीचं ठरलंय, वहिनी.”

“समितीकडं कोण मागतंय? मी देवीकडं मागतेय.”

“मग मला न्हाय म्हणता यायचं न्हाय,” म्हणत त्यानं नारळ घेतला.

दुपारी देऊळ फुलून गेलं. चाची बाहेर पायरीशी उभी. हर्षद सगळ्यात पुढं, हातात टेम्पोची चावी. कृष्णाजीनं डोळे मिटले.

“आई तारजाई, सोनाबाईच्या नातीचा ताप उतरू दे!”

“व्हय म्हाराजा!”

“वाडीतल्या सुपारीला रोग न्हाय लागू दे!”

“व्हय म्हाराजा!”

“जाळ्यात मासळी मावेनाशी होऊ दे!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझी पालखी अख्तर तांडेलणीच्या होडीतनं भावाच्या घरी जाऊ दे!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज हर्षदचा! लहानपणापासूनची सवय हो, तोंड आधी उघडतं, डोकं मागनं येतं. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

“अहो, थांबा, थांबा...” हर्षद चाचरला.

कृष्णाजीनं एक डोळा उघडला. “देवीपुढं व्हय म्हणालास ना? आता न्हाय कोण म्हणणार? तू?”

कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खं देऊळ हसलं. हर्षद कानापर्यंत लाल झाला. शेवटी त्यालाही हसू आवरेना. त्यानं चावी खिशात टाकली आणि पालखीला पुढनं खांदा दिला.

भरती पुरी चढली होती. कृष्णाजीनं चाचीच्या ओढणीवरनंच मानाचा फेटा बांधला. पालखी होडीत बसली. चाचीनं वल्हं धरलं आणि वाट बघत राहिली, कशाची ते तिलाही कळेना. पुढनं हर्षद वळला.

“तांडेल,” तो म्हणाला, “निघू काय?”

एवढ्या जिभेच्या चाचीचे डोळे भरून आले. घाटावरचा सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघत थांबला.

“निघा,” ती म्हणाली, आणि दोर सुटला.