कोऱ्या फॉर्मवर विकलेली मोटरसायकल

आजवर माझ्या चार मोटरसायकली झाल्या. चौथी आत्ता खाली उभी आहे. सकाळी चालू होते, संध्याकाळी घरी आणते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही आणि देव करो, तसंच राहो. पहिलीबद्दल थोडं आहे. भानगड झाली ती दुसरीची, आणि त्यातून मी कसा सुटलो हे आठवलं की अजून छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटतं.

पहिली घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि अर्धा दिवस नालासोपाऱ्यात एका छापखान्यात कामाला जायचो. उरलेला अर्धा दिवस चळवळ. वालीवच्या एका गॅरेजातून उचललेली जुनी टू-स्ट्रोक होती. टाकीवर खळीचा डबा, मागे पोस्टरांची गुंडाळी. खळ सांडून सांडून टाकीचा मूळ रंग कोणता होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आवाज असा की आई म्हणायची, "आली गिरणी. पीठही आहे, घरघरही आहे." धक्का मारल्याशिवाय ती हलायची नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी व्यवस्थेला किती धक्के दिले ते माहीत नाही, या गाडीला मात्र भरपूर दिले. एके दिवशी इंजिन बसलं आणि ती भंगारात गेली.

दुसरी लाल, शंभर सीसीची. एका बँकेतल्या साहेबांनी जपून वापरलेली. हिच्यावर मी भोंगा बांधून वसईची गावंच्या गावं पिंजून काढली. ते दिवसच तसे होते. जमिनीचे दलाल दुपारच्या वेळी, मुलं कामावर गेलेली असताना, वाडीत शिरायचे. म्हाताऱ्याला म्हणायचे, "काका, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं आम्ही भरून घेतो." आणि काका करायचे! वर चहा पाजायचे! माझं डोकं फिरायचं. मी पत्रक लिहिलं, स्वतः खिळे जुळवले, स्वतः छापलं: "कोऱ्या कागदावर सही म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यावर सुरी!" त्याखाली दोन्ही बाजूंनी भरून मजकूर. गावागावांत वाटलं. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांना मी चारचौघांत झापलंसुद्धा. "वाचता येतं ना? मग डोळे कुठे गहाण ठेवले होते?" असं एका सत्तरीच्या माणसाला बोललो होतो. आज लाज वाटते.

मग मला नवी मोटरसायकल घ्यायची होती, म्हणून ही लाल विकायला काढली. गिऱ्हाईक कळंबचा एक कोळी. किनाऱ्यावरून मासळीच्या टोपल्या स्टेशनच्या बाजाराला न्यायला त्याला गाडी हवी होती. आता, गाडी विकायची आमच्याकडची रीत सांगतो. आरटीओ तेव्हा ठाण्याला. नाव बदलायला जायचं तर दोघांचाही अख्खा दिवस मोडणार. म्हणून विकणारा ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या ठोकून द्यायचा, बाकीचे रकाने कोरे. घेणाऱ्याने सवडीने आपलं नाव चढवून घ्यायचं. सवड कोणालाच नसायची. सगळे असंच करायचे, मीही केलं. सही करताना फॉर्मखाली काहीतरी टणक हवं म्हणून मी पिशवीतून एक गठ्ठा काढला. पत्रकांचा. त्याच पत्रकांचा. त्यावर फॉर्म ठेवला आणि तीन ठिकाणी झोकात सही केली. तेव्हा काही जाणवलं? छे!

तिसरी काळी, कोरी करकरीत. तिच्यावर मी दोनेक वर्षं मजेत फिरलो. मग एका सकाळी हवालदार दारात.

"लाल गाडी तुमची?"

"होती. विकली."

"कागदावर तुमचीच आहे." ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "काल सकाळी चंदनसारला एका बाईला उडवलंय तिनं. बघणारे सांगतात, रस्ता रक्तानं भरला होता. गाडी तिथंच पडलेली. बाई कुठल्याच सरकारी दवाखान्यात नाही. चालवणारा गायब. बाईचा पत्ता नाही, त्याचा पत्ता नाही. पत्ता आहे तो तुमचा एकट्याचा."

मी म्हटलं, "पण मी फॉर्म सही करून दिला होता."

"कोणाच्या नावानं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

"म्हणजे कोरा," हवालदार म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट कीव होती. "उद्या संध्याकाळपर्यंत चालवणारा माणूस घेऊन या. नाहीतर तुम्ही या. आणि बाई गेली असेल तर..." त्यांनी टोपी घातली आणि उठले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर कोपऱ्यातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर होती.

मी काळी काढली आणि कळंब गाठलं. वाटेत डोक्यात एकच: ती बाई जिवंत आहे का? खोटं कशाला बोलू, पहिला विचार स्वतःचाच होता. नाव, गुन्हा, जामीन. पण सुरूच्या बनापाशी पोचेपर्यंत बाकी सगळं गळून गेलं आणि फक्त ती बाई उरली, जिचं मला नावही माहीत नव्हतं आणि जिला माझ्या नावाच्या गाडीनं उडवलं होतं.

कोळी अंगणात जाळं शिवत बसला होता. गाडीचं विचारल्यावर म्हणाला, "ती? ती तर कवाच इकली. वालीवला एक टर्नर हाय, आमच्या बोटीच्या इंजिनाचं काम करतो, त्याला दिली."

"नाव चढवलंस का त्याचं?"

"आमचंच कुठं चढवलेलं? तुमचाच फॉरम पुढं दिला. चांगला प्लास्टिकमदी ठेवलेला. तुमची सही लय झ्याक हाय पन."

त्याची बायको ओट्यावर सुके बोंबील बांधत होती. ती हसायला लागली. पुडीचा कागद तिनं माझ्यापुढे धरला. माझं पत्रक. "दादा, ह्ये तुमीच लिवलाय ना? माझा पोरगा वाचून दाखवतो. कोऱ्या कागदावर सही म्हंजे गल्यावर सुरी." मग नवऱ्याकडे बघून, "आवो, या दादानं सोताचा गला कापला नि सुरी तुमच्या हातात दिली."

"गप गं," कोळी म्हणाला. पण त्याच्याही मिश्या हलत होत्या. मी सांगितलं, बाईला लागलंय, रक्त सांडलंय, ती कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा त्यानं जाळं खाली टाकलं, खांद्यावर टॉवेल घेतला आणि माझ्या मागे येऊन बसला. "चला. त्याचा कारखाना मला म्हाईत हाय."

कळंब ते वालीव. मागे कोळी, अंगाला बांगड्याचा वास, आणि तोंड अखंड चालू. "मी पुढं दिला तवा मलाबी वाटलं होतं, एकदा इचारावं दादाला. पन म्हनलं, एवढा शिकलेला मानूस, त्यानं इचार केलाच असनार." एरवी मी अशा माणसाला तासभर सुनावलं असतं. त्या दिवशी मी नुसता गाडीचा वेग वाढवला.

कारखान्यात टर्नर नव्हता. काल सकाळी पाळीला निघाला तो आलाच नाही. म्हणजे पळालाच. मालक म्हणाला, "गावी गेला असेल, साताऱ्याकडचा आहे." तेवढ्यात लेथवरचा एक जण मशीन न थांबवता ओरडला, "नाही नाही, डॉक्टरकडे आहे तो! नाक्यावरच्या. बोट कापलं की आपल्याला नेतात ना, तिथं. काल सांगून गेला मला."

"मग मला का नाही सांगितलंस?" मालक.

"तुम्ही विचारलंत का?"

तो दवाखाना म्हणजे एका चाळीच्या वर चार खाटा. आम्ही जिना चढू लागलो. वरून एका बाईचा आवाज येत होता, खणखणीत.

"हा चहा आहे? याला चहा म्हणतात तुमच्याकडे? पाणी नुसतं!"

खाटेवर एक पन्नाशीची बाई, डाव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर, कपाळावर पट्टी. शेजारी पंचविशीचा एक पोरगेला माणूस, दाढीचे खुंट, डोळे तारवटलेले, हातात कप. तोच टर्नर. मी दारातच उभा राहिलो. तिला बघत. ती जिवंत होती, आणि चहावरून भांडत होती. मला वाटतं आयुष्यात कुठलाही आवाज मला इतका गोड लागला नसेल.

सगळं पाच मिनिटांत कळलं. मावशी चंदनसारला वालाची पापडी विकायला टोपली घेऊन रस्ता ओलांडत होत्या, मध्येच परत फिरल्या, टर्नरनं ब्रेक मारला तरी धक्का लागला. हात मोडला, कपाळ फुटलं. कपाळाचं रक्त फार जातं. टर्नरनं गाडी तिथंच टाकली, मावशींना रिक्षात घातलं आणि त्याला ठाऊक असलेल्या एकुलत्या एका डॉक्टरकडे आणलं. मावशींचं घरी कोणी नाही. म्हणून तो उठलाच नाही तिथून. पळाला नव्हता तो. सव्वा दिवस चहा आणत होता.

"पोलिसांत का नाही गेलास?" मी विचारलं.

"गाडी माझ्या नावावर नाही ना," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, चोरीची समजतील."

मावशींनी आम्हा एकेकावरून नजर फिरवली. "मग आहे कुणाची गाडी?"

कोळ्यानं माझ्याकडे बोट केलं. मी टर्नरकडे. टर्नरनं कोळ्याकडे.

"शहाणेच आहात तिघं," मावशी म्हणाल्या. "टोपली कुठाय माझी, ते बघा आधी."

टर्नरच्या खिशात ती प्लास्टिकची पिशवी होती. त्यात माझा फॉर्म, घड्या पडून मऊ झालेला. तीन सह्या, बाकी कोरं. मी खाटेच्या कडेला बसलो, पेन काढलं आणि एकेक रकाना भरला. त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. प्रत्येक रकाना त्याला वाचून दाखवला, तेव्हाच त्याची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं चौकीवर गेलो. मावशी स्वतःहून रिक्षानं आल्या. जबाब देताना म्हणाल्या, "मीच मागे फिरले. पोरानं मला टाकून दिलं नाही, हे पण लिहा." हवालदारांनी लिहिलं. टर्नरला दंड-बिंड काय भरायचा ते सांगितलं आणि सोडलं. मग भरलेला फॉर्म नीट वाचून माझ्याकडे वळले.

"तुमचं काम नाही आता. जा."

बाहेर येऊन मी काळ्या मोटरसायकलवर बसलो. किक मारायला पाय उचलला तर उचलेना. दोन दिवस धावलेला पाय, आता काही केल्या ऐकेना. मला हसू यायला लागलं, आणि थांबेना.

कोळी बघत होता. म्हणाला, "सरका मागं. मी चालवतो."

मी मागे सरकलो. त्यानं एका किकमध्ये चालू केली.